वाचवायला गेले की लुटायला? हा वाद नीट घालायचा कसा

आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे. रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला मिसळीला बसतो आणि पहिला पाव संपायच्या आत कुणीतरी जगाचं राजकारण काढतोच. विषय फिरून फिरून एकाच जागी येतो, अमक्या देशाने तमक्या देशात सैन्य घातलं, वरून बॉम्ब टाकले, आणि सांगितलं काय तर तिथल्या लोकांना त्यांच्याच सरकारपासून वाचवायला गेलो होतो, तर हे खरं मानायचं की सगळा तेलाचा खेळ. आधी आमच्याकडे असं चालायचं की एक जण म्हणणार तेल, दुसरा म्हणणार मग काय लोकांना मरू द्यायचं होतं का, तिसरा मोबाईल काढून फॉरवर्ड वाचून दाखवणार आणि तोवर रस्सा गार. दोघं तर लिबियावरून चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते. लिबिया दोघांनीही पाहिलेला नाही, एकाने तर दुबईसुद्धा नाही.

मी प्राध्यापक वगैरे नाही, अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. पण चार महिन्यांच्या त्या अबोल्यानंतर आम्ही काही पद्धती बसवल्या आणि आता वाद होतो तो ऐकण्यासारखा होतो. कुणाला मित्रांत, घरात किंवा कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत हा विषय आला तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

आधी प्रश्न फोडून घ्या

भांडण बहुतेक वेळा यामुळे होतं की दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. का गेले हा एक प्रश्न. जायचा अधिकार होता का हा दुसरा. आणि जाऊन तिथल्या लोकांचं भलं झालं की वाटोळं हा तिसरा. तिन्हीची उत्तरं एकमेकांशी जुळलीच पाहिजेत असं काही नाही.

कोसोवो घ्या, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातला प्रांत, जिथल्या अल्बेनियन लोकांवर सरकारचेच अत्याचार चालले होते. मार्च १९९९ मध्ये नाटोने युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक सुरू केली, ७८ दिवस चालली, आणि युनोच्या सुरक्षा परिषदेची परवानगी घेतलीच नाही कारण रशिया आणि चीन व्हेटो मारणार हे उघड होतं. नंतर एका स्वतंत्र आंतरराष्ट्रीय आयोगाने याचा अभ्यास केला आणि निष्कर्ष काय काढला, तर कारवाई बेकायदेशीर होती पण समर्थनीय होती. आता हे वाक्य टेबलावर टाका आणि बघा, अर्धे लोक म्हणतील ही काय पळवाट आहे. पळवाट नाही हो, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आलं आणि ते तिसऱ्या-पहिल्यावर ढकललं नाही, एवढंच. (आपण तेव्हा विरोधात होतो बरं का. रशिया, बेलारूस आणि भारताने मिळून बॉम्बफेक थांबवायचा ठराव आणला होता, सुरक्षा परिषदेत तो ३ विरुद्ध १२ ने पडला.)

म्हणून सुरुवातीलाच विचारायचं, दादा, तू यातल्या कुठल्या प्रश्नावर बोलतोयस? आमच्याकडे हे विचारल्यावर निम्म्या वेळा समोरचा थांबून विचार करतो, आणि निम्म्या वेळा चिडतो. दोन्ही चालतं.

शुद्ध हेतू शोधायचा नाद सोडा

हे मला पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, सराफ बाजार, भांडी बाजार पाण्यात. महापालिकेची निवडणूक सहा-सात महिन्यांवर. आमच्या ओळखीच्या भागात एक इच्छुक खिचडीचं पातेलं घेऊन आला, टेम्पोला स्वतःचा भला मोठा फ्लेक्स. आता याचा हेतू काय? मतं. बरोबर. पण खिचडी गरम होती आणि ज्यांची चूल पाण्यात होती त्यांनी ती खाल्ली. उलट बाजूने बघा, खिचडी खरी होती म्हणून फ्लेक्स खोटा ठरत नाही.

तर माणूस असो की देश, हेतू खिचडीसारखाच असतो, डाळ-तांदूळ वेगळे काढत बसाल तर दिवस जाईल. या विषयावर कॅनडाच्या पुढाकाराने नेमलेल्या आयोगाचा २००१ चा अहवाल आहे, 'रक्षणाची जबाबदारी' ही कल्पना तिथून आली, पुढे २००५ च्या युनोच्या शिखर परिषदेत सगळ्या देशांनी ती मान्य केली. त्या अहवालातच सरळ मान्य केलंय की हेतू सरमिसळ असणार, फक्त मुख्य उद्देश लोकांचे हाल थांबवणं हा पाहिजे. आणि तो आहे की नाही हे ओळखायच्या खुणाही दिल्यात: एकटा देश गेला की अनेक मिळून गेले, शेजारच्या देशांना पटलंय का, आणि ज्यांच्यासाठी चाललोय म्हणता त्या लोकांना तुम्ही हवे आहात का.

म्हणजे प्रश्न 'हेतू शुद्ध होता का' असा नाही विचारायचा. 'दुसरा हेतू जेव्हा लोकांना वाचवण्याच्या आड आला तेव्हा यांनी कुणाला सोडलं' असा विचारायचा. खिचडीवाला पूर ओसरल्यावर चिखल काढायला आला होता का? हेच ते.

एक वही करा

आमची शंभर पानी वही आहे, चार रकाने. तोंडाने काय म्हणाले. कुठल्या तारखेला म्हणाले. हाताने काय केलं. निघाले कधी. बस. मनात काय होतं असा रकाना मुद्दाम नाही ठेवला, कारण तो भरायला लागलं की प्रत्येक जण स्वतःच्या मनातलं लिहितो.

तारखेच्या रकान्याला सगळ्यात जास्त मान द्या. कारणं बदलत गेली की नाही हे फक्त तिथेच कळतं. २००३ च्या इराकचं उदाहरण घ्या, आधी कारण सांगितलं की सद्दामकडे महासंहारक शस्त्रं आहेत. शस्त्रं सापडली नाहीत, आणि मग 'आम्ही इराकी लोकांना हुकूमशहापासून मुक्त केलं' याचा आवाज चढत गेला. सद्दाम क्रूर होता यात वादच नाही, त्याने कुर्दांवर हलब्जात १९८८ लाच विषारी वायू सोडला होता. पण क्रूरता १९८८ ची आणि कळवळा २००३ चा, हे वहीत शेजारी शेजारी लिहिलं की वेगळं बोलावं लागत नाही.

पहिलं पान आपलं ठेवा

सुरुवात अमेरिकेपासून करू नका. त्यात मजा येते, टाळ्या मिळतात, पण शिकायला काही मिळत नाही. १९७१ पासून करा.

आमच्यातल्या एकाचे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, त्यांना तिकिटं जमवायचा छंद. एका रविवारी त्याने त्यांचा अल्बम आणला. त्यात कुटुंब नियोजनाचं ते तांबडं पाच पैशांचं तिकीट आहे, त्यावर काळ्या शाईत वरून छापलंय, शरणार्थी सहायता. नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर नेहमीच्या तिकिटाशिवाय हे पाच पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं होतं. म्हणजे इकडून मामाला खुशालीचं पत्र टाकलं तरी पाच पैसे बंगालच्या छावण्यांना. तिकीट नखाएवढं, पण त्यावर आमचा दोन तास वाद झाला. एक म्हणाला बघा, माणुसकी, सामान्य माणसाने पाच-पाच पैसे दिले. दुसरा म्हणाला माणुसकी कसली, हे बिल आहे, पूर्व पाकिस्तानातून जवळपास १ कोटी माणसं आली होती, सरकारला झेपत नव्हतं, म्हणून लढाई केली. दोघंही तेच तिकीट हातात घेऊन बोलत होते.

आता वही भरू. २५ मार्च १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने लोकांची कत्तल सुरू केली. निर्वासितांचे लोंढे. त्याच महिन्याच्या शेवटी दिल्लीत के. सुब्रह्मण्यम यांच्यासारखे जाणकार उघड बोलले होते की पाकिस्तान फुटणं आपल्या हिताचं आहे आणि अशी संधी परत यायची नाही. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रशियाशी करार. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधी युरोप-अमेरिका फिरून आल्या, कुणी काही करायला तयार नाही. ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले, मग युद्ध, १६ डिसेंबरला शरणागती. युनोत आपले प्रतिनिधी समर सेन म्हणाले की या वेळी आमच्या मनात शुद्धातला शुद्ध हेतू आहे, पूर्व बंगालच्या लोकांना हालातून सोडवणं. पण कायद्याच्या भाषेत आपला मुख्य आधार होता स्वसंरक्षण. आमसभेत सैन्य मागे घ्या म्हणणारा ठराव झाला, १०४ विरुद्ध ११. बहुतेक जग तेव्हा आपल्या बाजूने उभं नव्हतं हे आपल्याकडच्या शाळेत कुणी सांगत नाही.

आणि चौथा रकाना. मार्च १९७२ च्या मध्यापर्यंत आपलं सैन्य बांगलादेशातून बाहेर. निर्वासित बहुतेक घरी परतले. हा रकाना इतका स्वच्छ फार कमी देशांचा असतो. आमच्या टेबलावर शेवटी असं ठरलं की हेतूत फायदा होता, भरपूर होता, पण फायदा आणि लोकांचा जीव एकाच दिशेला होते, आणि फायदा उकळायला तिथे मुक्काम ठोकायची वेळ आली तेव्हा आपण निघालो. तुम्हाला हे पटलंच पाहिजे असं नाही. वही भरून मग नाही म्हणा.

पण लगेच पान उलटा. श्रीलंका. ४ जून १९८७ ला हवाई दलाच्या ए.एन. ३२ विमानांनी जाफन्यावर धान्य, औषधं टाकली, सोबत मिराज लढाऊ विमानं, आणि श्रीलंका सरकारची परवानगी नव्हती. आदल्या दिवशी बोटींनी पाठवलेली मदत त्यांच्या नौदलाने परत पाठवली होती. त्या मोहिमेचं नाव पूमालै, म्हणजे फुलांची माळ. मग जुलैमध्ये करार, शांतिसेना गेली, आणि ऑक्टोबरपर्यंत आपण ज्यांना वाचवायला गेलो त्याच तमिळांमधल्या एलटीटीई या सशस्त्र संघटनेशी लढत होतो. मार्च १९९० ला परत आलो तेव्हा जवळपास १२०० जवान गमावले होते. आमच्यात एक काका आहेत, तोफखान्यातून सुभेदार म्हणून रिटायर झाले, आता देवळाली कॅम्पला राहतात, ते या मोहिमेत होते. त्यांना पोरांनी विचारलं, काका, आपण का गेलो होतो? काका म्हणाले, "मला मुव्हमेंट ऑर्डर आली म्हणून." आणि पुढे म्हणाले, "पहिल्या आठवड्यात बायका हार घालत होत्या रे, दिवाळीला त्याच गल्लीत कुणी दार उघडेना." काकांसमोर हेतूवर बोलताना आता सगळे जरा जपून बोलतात, जे मला वाटतं बरंच आहे.

मारुती हलवू नका

गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती नाशिककरांना सांगायला नको. पूर आला की कुणी घनफूट-क्युसेक विचारत नाही, मारुतीच्या कमरेला लागलं का, छातीला लागलं का एवढंच विचारतात. तो मोजमाप म्हणून चालतो कारण तो जागचा हलत नाही. ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याच्यासाठी मारुती खाली आणि ज्याचं वाचलं त्याच्यासाठी वर, असं केलं तर झालंच.

वादात लोक नेमका मारुती हलवतात. अमेरिका गेली तर हेतू तपासायचा, रशिया गेला तर त्याची मजबुरी समजून घ्यायची, किंवा उलट. २००८ मध्ये रशियाने जॉर्जियात सैन्य घातलं तेव्हा आमच्या लोकांचं रक्षण करतोय हीच भाषा, आणि २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला करताना तिथल्या पूर्वेकडच्या डोनबास भागात वंशसंहार चाललाय हे कारण. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १६ मार्च २०२२ ला १३ विरुद्ध २ मतांनी रशियाला लष्करी कारवाई थांबवायचा अंतरिम आदेश दिला, आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारी त्या १३ मध्ये होते. त्याच काळात आपलं सरकार युनोत तटस्थ राहत होतं. ही गोष्ट आमच्याकडे एकाने सांगितली तेव्हा दुसरा म्हणाला खोटं आहे. खोटं नाही.

लिबिया, सावकाशीने

हे पान नीट भरा कारण दोन्ही बाजूंना हवं ते त्यात आहे.

फेब्रुवारी २०११, लिबियातल्या बेनगाझी शहरात उठाव, तिथला हुकूमशहा गद्दाफीच्या धमक्या. १७ मार्चला सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक १९७३, दहा देश बाजूने, विरोधात कुणी नाही, पाच तटस्थ: भारत, ब्राझील, जर्मनी, रशिया, चीन. ठरावात म्हटलंय काय, नागरिकांच्या रक्षणासाठी सर्व आवश्यक उपाय करा, पण कुठल्याही स्वरूपातलं परकीय कब्जा करणारं सैन्य नको. गद्दाफीला हटवा असं एका शब्दानेही नाही. हे मी ठरावाचं पान प्रिंट काढून मिसळीच्या टेबलावर ठेवलं होतं, त्यावर तर्रीचा डाग अजून आहे.

आता तारखा. १० एप्रिलच्या सुमारास आफ्रिकन युनियनचे नेते त्रिपोलीत गेले, युद्धबंदीचा प्रस्ताव, गद्दाफी हो म्हणाला, बंडखोर नाही म्हणाले कारण त्यात गद्दाफी जाणार असं नव्हतं. आणि एप्रिलच्या मध्यात अमेरिकेचे ओबामा, ब्रिटनचे कॅमेरून आणि फ्रान्सचे सार्कोझी यांनी मिळून वर्तमानपत्रात लेख लिहिला, की गद्दाफीला बळाने हटवणं हे आमचं काम नाही, पण गद्दाफी सत्तेत असलेला लिबिया कल्पनेतही येत नाही. ठरावानंतर महिनासुद्धा झाला नव्हता! एका वाक्यात दोन्ही, काम नाही आणि पर्याय पण नाही. ऑक्टोबरमध्ये गद्दाफी मारला गेला, महिन्याच्या शेवटी नाटोची मोहीम बंद. चौथा रकाना बघा, निघाले लगेच. १९७१ सारखंच लगेच. पण मागे सरकार नाही, पोलीस नाही, टोळ्या टोळ्या, आणि २०१४ मध्ये परत यादवी सुरू झाली. म्हणजे लवकर निघणं ही प्रत्येक वेळी चांगलीच खूण असते असं नाही, हे आम्हाला या पानावर कळलं आणि वहीचा नियम थोडा दुरुस्त करावा लागला. आता चौथ्या रकान्यात 'मागे कोण ठेवून गेले' हेही लिहितो.

२०१६ मध्ये ब्रिटिश संसदेच्याच समितीने अहवाल दिला की नागरिकांना असलेला धोका फुगवून सांगितला गेला आणि रक्षणाची मर्यादित मोहीम सत्ताबदलाकडे घसरत गेली. त्याच अहवालात सार्कोझींचे हेतू म्हणून एक यादी आहे, तेल, उत्तर आफ्रिकेत वजन, घरच्या राजकारणात भाव वगैरे. आमचा तेलवाला मित्र ही यादी घेऊन नाचत आला. पण नीट वाचलं तर ती यादी हिलरी क्लिंटन यांच्या एका सल्लागाराने फ्रेंच गुप्तचरांशी झालेल्या बोलण्यावरून कळवलेली, म्हणजे सांगोवांगीची दुसरी पायरी. वापरा, पण 'असं म्हटलं गेलं' म्हणून वापरा.

'तेल' म्हणणाऱ्याला काय म्हणायचं

त्याला वेड्यात काढू नका, तो बऱ्याचदा अर्धा बरोबर असतो. फक्त विचारायचं, तेल आधी मिळत नव्हतं का? गद्दाफीचं तेल युरोपला व्यवस्थित जात होतं, त्याचा तंबू २००७ मध्ये खुद्द पॅरिसला लागला होता, पाहुणा म्हणून. तेलच पाहिजे तर गिऱ्हाईक असताना दुकान कशाला जाळायचं? उत्तर असू शकतं, पण ते त्याने द्यायचं. आणि कोसोवोत तेल कुठे होतं, १९९२ च्या सोमालियात काय होतं?

मग त्याच्या बाजूने सगळ्यात भारी उदाहरण तुम्हीच द्या, वाद असाच रंगतो. पूर्व तिमोर. इंडोनेशियाने १९७५ मध्ये गिळलेला छोटा देश, ऑस्ट्रेलियाने तो कब्जा मान्य केला आणि १९८९ मध्ये इंडोनेशियाशी करार करून मधल्या समुद्रातलं तेल वाटून घेतलं. १९९९ मध्ये तिमोरच्या लोकांनी स्वातंत्र्याला मत दिलं, जाळपोळ-कत्तली झाल्या, आणि सैन्य घेऊन पुढे कोण आलं तर हेच ऑस्ट्रेलिया, या वेळी सुरक्षा परिषदेची परवानगी, इंडोनेशियाचा होकार, आणि लोकांनी खरंच स्वागत केलं. माणसं वाचली. पुढे त्याच नव्या देशाशी समुद्रातल्या तेल-गॅसच्या हद्दीवरून ऑस्ट्रेलिया वर्षानुवर्षं खेचाखेची करत राहिला, वाटाघाटीच्या वेळी तिमोरच्या मंत्रिमंडळाच्या खोल्यांत चोरून ऐकायची यंत्रं बसवल्याचा आरोप झाला, हद्दीचा करार व्हायला २०१८ उजाडलं. वाचवलं पण आणि हिशेबाला पण बसले. हे पान वाचल्यावर आमचा तेलवाला आणि त्याचा विरोधक दोघंही एकदमच म्हणाले, बघ, मी म्हणत नव्हतो!

'मग रवांडात का नाही गेले?'

हा हुकमी पत्ता कुणीतरी टाकणारच. १९९४, शंभर दिवसांत साधारण ८ लाख माणसं मारली, आणि सुरक्षा परिषदेने कत्तल चालू असताना २१ एप्रिलला तिथली शांतिसेना कमी करून २७० वर आणायचं ठरवलं. कळस म्हणजे त्या वर्षी रवांडा स्वतः सुरक्षा परिषदेचा सदस्य होता, म्हणजे मारणाऱ्या सरकारचाच माणूस त्या टेबलाशी बसलेला.

या पत्त्याने एवढंच सिद्ध होतं की नुसती दया कुठल्याच सैन्याला घराबाहेर काढत नाही, बरोबर आणखी काहीतरी लागतं. जिथे गेले तिथे दया नव्हतीच हे सिद्ध होत नाही. खिचडीवाला शेजारच्या वॉर्डात गेला नाही म्हणून आपल्या वॉर्डातली खिचडी शिळी होत नाही.

आणि इथे एक प्रश्न लोक विचारायचा विसरतात: न जाणाऱ्यांचा हेतू काय? अमेरिकेचे १८ सैनिक ऑक्टोबर १९९३ मध्ये सोमालियातल्या मोगादिशूत मारले गेले होते, रवांडाच्या सहा महिने आधी, त्यामुळे आफ्रिका म्हटलं की वॉशिंग्टनला घाम. सीरियावरच्या ठरावांना व्हेटो मारणाऱ्या रशियाचा तिथे टार्टूसला नाविक तळ होता. आपण लिबियावर तटस्थ राहिलो तेव्हा भाषणात म्हणालो की जमिनीवरची पक्की माहिती नाही आणि हे कोण कसं करणार ते स्पष्ट नाही, मुद्दा रास्त होता, पण उठाव झाला तेव्हा आपली साधारण १८ हजार माणसं लिबियात कामाला होती हेही होतंच, आणि दुसऱ्याच्या घरात युनोने शिरायचं म्हटलं की काश्मीरमुळे दिल्लीचे कान टवकारतात. सार्वभौमत्व हा शब्द उच्चारणाराही उपाशी नसतो, त्याचीही चौकशी करा.

पुरावा आणि शब्द

अंगावर काटा आणणारी गोष्ट ऐकली की आधी थांबा. ऑक्टोबर १९९० मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांसमोर एका कुवेती मुलीने रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी दवाखान्यात बाळांना काचेच्या पेट्यांतून काढून फरशीवर टाकलं. युद्धाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. नंतर कळलं की ती कुवेतच्या राजदूताची मुलगी, साक्ष एका जनसंपर्क (पीआर) कंपनीने बसवून दिलेली, आणि गोष्टीला आधार सापडला नाही. इराकने कुवेत खरंच गिळला होता, अत्याचार खरंच झाले होते, तरी हे. आणि याचा उलटा धडा घेऊन प्रत्येक कत्तल बनावट म्हणणारेही असतात, त्यांना रवांडाचं पान दाखवा.

शब्दांकडेही बघा. एप्रिल २००३ मध्ये आपल्या संसदेने इराक युद्धावर ठराव केला तेव्हा विरोधकांना धिक्कार हवा होता आणि सरकारला नुसता खेद, शेवटी हिंदीतला 'निंदा' शब्द घेतला आणि इंग्रजीत त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावला. जुलैत अमेरिकेने मागितलेलं सैन्य मात्र आपण पाठवलं नाही. शब्द मऊ, हात आवरलेला. म्हणूनच वहीत तोंड आणि हात वेगळ्या रकान्यात.

थांबायचं कधी

तारखा आणि आकड्यांवर दोघांचं जमलं आणि तरी मत वेगळं राहिलं की थांबा. कारण मग उरतं ते एवढंच, की फ्लेक्ससकट आलेली खिचडी घ्यायची की नाही, आणि त्यावर काका आणि मी आजही दोन बाजूंना आहोत. आमच्याकडे साडेनऊला मिसळवाला टेबलाभोवती घिरट्या घालायला लागतो, रविवारची गर्दी असते, तो काही बोलत नाही, फक्त पाण्याचे ग्लास उचलतो. तेव्हा उठायचं. वही ज्याने शेवटचं पान भरलं त्याच्याकडे, बिल ज्याने सगळ्यात मोठ्याने आवाज चढवला त्याच्याकडे. गेल्या रविवारी ते माझ्याकडे आलं, कंबोडियावरून. व्हिएतनामने १९७९ च्या जानेवारीत तिथला हुकूमशहा पोल पॉटला पळवून लावलं आणि स्वतः दहा वर्षं हलले नाहीत, या पानाचा चौथा रकाना मला अजून मान्य नाही. या रविवारी परत काढणार आहे.